चांगले कोलेस्टेरॉल : एका विशेषणाचा इतिहास

रक्ततपासणीचा अहवाल हातात आला की अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘कोलेस्टेरॉल जास्त आहे खरे, पण चांगले कोलेस्टेरॉलही भरपूर आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही.’ बऱ्याच वेळा या वाक्याने फारसे बिघडत नाही. पण काही कुटुंबे अशी असतात की तिथे धडधाकट दिसणारी माणसे तिशी-चाळिशीतच हृदयविकाराच्या झटक्याने जातात. अशा घरातल्या तरुणाला हा दिलासा मिळाला, तर तो त्याच्या जिवावर बेतू शकतो.

कोलेस्टेरॉलला ‘चांगले’ आणि ‘वाईट’ ही विशेषणे कशी चिकटली, त्यांपैकी कोणते कसोटीला उतरले आणि कोणते उतरले नाही, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यातला बराचसा भाग अशाच कुटुंबांच्या अभ्यासातून घडला. दोन गोष्टी बरोबर आढळणे आणि त्यांतली एक दुसरीचे कारण असणे, यांत किती अंतर असते, हे वर्गात समजावून सांगण्यासाठीही हा इतिहास उपयोगी पडेल.

एकच रेणू, दोन वाहने

कोलेस्टेरॉल हा शब्द आज एखाद्या रोगाच्या नावासारखा उच्चारला जातो. वास्तविक हा मेणासारखा पदार्थ नसेल तर आपण जगूच शकणार नाही. आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलात तो असतो. पित्तातली आम्ले आणि कित्येक संप्रेरके शरीर त्याच्यापासूनच बनवते. अडचण एकच : तो पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त तर बव्हंशी पाणीच. म्हणून शरीर त्याला प्रथिने आणि पाण्याशी जुळवून घेणारे मेद यांच्या आवरणात गुंडाळून रक्तातून पाठवते. या सूक्ष्म गोळ्यांना लायपोप्रोटीन म्हणजेच मेदप्रथिन म्हणतात.

१९४९-५० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कले येथे जॉन गॉफमन यांनी रक्तातला हा द्रवभाग अतिशय वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये घालून फिरवला. मेद हलका आणि प्रथिन जड. त्यामुळे ज्या कणांत मेद जास्त ते वर तरंगले, ज्यांत प्रथिन जास्त ते खाली राहिले. कमी घनतेच्या कणांना एलडीएल आणि जास्त घनतेच्या कणांना एचडीएल ही नावे रूढ झाली. एलडीएलचा एक कण सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचा असतो आणि त्याच्या पोटात कोलेस्टेरॉलयुक्त मेदाचे सुमारे दीड हजार रेणू भरलेले असतात. एचडीएलचा कण त्याच्या साधारण निम्म्या व्यासाचा असतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दोन्ही कणांमधला कोलेस्टेरॉलचा रेणू अगदी एकच आहे. त्यात चांगला-वाईट असा काही भेद नाही. भेद आहे तो वाहनांत. एलडीएल हा घरोघरी वाणसामान पोचवणाऱ्या टेंपोसारखा आहे, तर एचडीएल ही गल्लीतला कचरा उचलणारी घंटागाडी आहे, असे ढोबळपणे म्हणता येईल. ही उपमा पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे आणि तिची मर्यादाही कळणार आहे.

ओस्लो आणि बैरूत

एलडीएल आणि एचडीएल ही नावे येण्याच्या आधीच या गोष्टीची सुरुवात झाली होती. १९३८-३९ मध्ये नॉर्वेतील ओस्लो येथील वैद्य कार्ल म्युलर यांनी १७ कुटुंबांची माहिती प्रसिद्ध केली. या कुटुंबांतल्या काही जणांच्या टाचेमागच्या कंडरेवर, बोटांच्या सांध्यांवर पिवळट गाठी दिसत. या गाठींत कोलेस्टेरॉल साठलेले असे. त्याच लोकांच्या रक्तातही कोलेस्टेरॉल फार होते, आणि त्याच लोकांना तरुण वयात छातीत कळा येत, झटके येत. म्युलर यांनी वंशवृक्ष मांडून दाखवले की हा दोष एकाच जनुकामुळे आणि प्रभावी गुणासारखा पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. या विकाराला वैद्यकात फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. आपण त्याला आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल म्हणू.

१९६४ मध्ये बैरूत येथील अवेदिस खचादुरियन यांनी या चित्रात महत्त्वाची भर घातली. लेबनॉनमधील काही कुटुंबांत जवळच्या नात्यांत लग्ने होत. (आते-मामे भावंडांत लग्न करण्याची रीत आपल्याकडेही काही समाजांत आहेच.) अशा लग्नांत आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते. खचादुरियन यांना या कुटुंबांत तीन वेगवेगळे गट दिसले. ज्यांच्याकडे सदोष प्रत नव्हती त्यांचे कोलेस्टेरॉल सर्वसाधारण, ज्यांच्याकडे एक प्रत होती त्यांचे साधारण दुप्पट आणि ज्यांच्याकडे दोन्ही प्रती सदोष होत्या त्यांचे साधारण चौपट. या शेवटच्या गटातल्या मुलांना अगदी लहानपणीच हृदयविकार गाठतो.

जनुकाची मात्रा वाढली की कोलेस्टेरॉल वाढते, आणि त्याच प्रमाणात हृदयविकार लवकर येतो. या मुलांनी सिगारेट ओढलेली नसते, त्यांना मधुमेह नसतो, कचेरीतले ताणतणाव नसतात. निसर्गाने स्वतःच केलेला हा प्रयोग होता, आणि त्यात बदललेली गोष्ट एकच होती.

दुसरा धागा : एचडीएल

आता एचडीएलकडे वळू. १९५१ मध्ये न्यूयॉर्कमधील डेव्हिड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या रुग्णांचे रक्त निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून पाहिले. रुग्णांमध्ये एचडीएल कमी होते. तरुण स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, आणि त्यांच्या रक्तात पुरुषांपेक्षा एचडीएल जास्त होते. पण त्या काळात सगळ्यांचे लक्ष वाढलेल्या कोलेस्टेरॉलकडे होते. कमी असलेली गोष्ट कोणाच्या फारशी नजरेत भरली नाही.

१९६८ मध्ये जॉन ग्लॉमसेट यांनी एक कल्पना मांडली. शरीरातल्या पेशी कोलेस्टेरॉल मोडून टाकू शकत नाहीत. मग जास्तीचे कोलेस्टेरॉल जाते कुठे? एचडीएल ते गोळा करते आणि यकृताकडे परत नेते, तिथून ते पित्तावाटे बाहेर पडते, असे त्यांचे म्हणणे होते. आपली घंटागाडी ती हीच. १९७५ मध्ये जी. जे. मिलर आणि एन. ई. मिलर यांनी ही कल्पना आणि लोकसंख्येतली निरीक्षणे एकत्र जोडली आणि एचडीएल कमी असल्यामुळे कोलेस्टेरॉल साचत असावे, असे सुचवले. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावाचा अहवाल आला. या गावातल्या पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची १९४८ पासून नियमित तपासणी चालू होती. उतारवयाकडे झुकलेल्या गटात हृदयविकाराचे भाकीत करायला रक्तातल्या सर्व मेदांमध्ये एचडीएलचाच आकडा सर्वांत उपयोगी ठरला. एचडीएल जितके जास्त, तितका धोका कमी.

पुढच्याच वर्षी आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या एका मोठ्या घराण्याचा अभ्यास स्ट्रेया, स्टायनर आणि क्विटेरोविच यांनी प्रसिद्ध केला. एकाच घराण्यात, एकाच सदोष जनुकाचे वारस असूनही कोणाला तरुणपणी झटका येतो तर कोणी साठी ओलांडतो, असे का? हा प्रश्न या विकारात नेहमीच पडतो. या घराण्यातल्या ज्या वारसांना हृदयविकार झाला होता, त्यांच्यात एचडीएल कमी आढळले. मग काय, सगळे धागे जुळल्यासारखे वाटले. एक वाहन कोलेस्टेरॉल आणते, दुसरे नेते. पहिले वाईट, दुसरे चांगले. ही विशेषणे वर्तमानपत्रांत आणि दवाखान्यांतल्या भित्तिपत्रकांवर पोचायला वेळ लागला नाही.

डल्लासमधला पुरावा

याच काळात ‘वाईट’ या विशेषणाची कसून तपासणी चालू होती. टेक्सासमधील डल्लास येथे जोसेफ गोल्डस्टीन आणि मायकेल ब्राउन या दोन तरुण डॉक्टरांनी रुग्णांच्या त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. पेशी गरजेनुसार कोलेस्टेरॉल स्वतःही बनवतात. त्यासाठी लागणाऱ्या एका कळीच्या विकराची हालचाल ते मोजत होते.

निरोगी माणसाच्या पेशींना एलडीएल दिले की विकराचे काम झपाट्याने थांबे. बाहेरून माल आला, आता घरी बनवायला नको, असा हा हिशेब. एचडीएल दिले तर मात्र तसे होत नसे. ज्यांच्या दोन्ही प्रती सदोष आहेत अशा रुग्णांच्या पेशींना कितीही एलडीएल दिले तरी विकर चालूच राही. मग त्यांनी कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून थेट पेशींना दिले. आता रुग्णांच्या पेशींमध्येही विकर थांबले! म्हणजे कोलेस्टेरॉल पेशीत पोचले तर आतली यंत्रणा ठाकठीक होती. बिघाड होता तो दाराशी. किरणोत्सारी आयोडीनची खूण लावलेले एलडीएल वापरून १९७४ पर्यंत त्यांनी दाखवून दिले की निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएलला पकडणारे ग्राही असतात. एक प्रत सदोष असलेल्यांत ते सुमारे निम्मेच असतात आणि दोन्ही प्रती सदोष असलेल्यांत जवळजवळ नसतातच. ग्राही नसले की एलडीएल रक्तातच फिरत राहते आणि रोहिण्यांच्या भिंतींत शिरून साचत जाते.

१९८४ मध्ये टेक्सासमधल्या सहा वर्षांच्या एका मुलीवर पिट्सबर्ग येथे शस्त्रक्रिया झाली. तिच्या दोन्ही प्रती सदोष होत्या आणि हृदय निकामी होत चालले होते. तिला नवे हृदय आणि त्याबरोबर नवे यकृतही बसवण्यात आले, कारण एलडीएलचे ग्राही सर्वांत जास्त यकृतातच असतात. तिचे एलडीएल सुमारे ८० टक्क्यांनी उतरले. पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

म्युलर यांचे वंशवृक्ष, खचादुरियन यांचे तीन गट, डल्लासच्या बश्या आणि हे यकृत, या सगळ्यांतून एलडीएलविरुद्धचा आरोप सिद्ध झाला. तो केवळ घटनास्थळी सापडलेला इसम नव्हता, प्रत्यक्ष गुन्हेगार होता.

खूण की कारण?

एचडीएलच्या बाजूने असा पुरावा होता का? नीट पाहिले तर नव्हता. होता तो केवळ सहसंबंध. पावसाळ्यात रस्त्यावर छत्र्या वाढतात, पण छत्र्या उघडल्याने पाऊस पडत नाही. मग एचडीएल हे पावसाचे ढग आहे की छत्री?

शंका घ्यायला जागा होती. जे धूम्रपान करतात, ज्यांचे पोट सुटलेले असते, ज्यांना मधुमेह असतो, ज्यांचे अंग हलत नाही, त्यांचे एचडीएल कमी असते. या सगळ्या गोष्टी स्वतंत्रपणेही हृदयाला घातक आहेत. शिवाय रक्तात एका कणातून दुसऱ्या कणात मेदांची देवाणघेवाण सतत चालू असते. सीईटीपी नावाचे एक प्रथिन एचडीएलमधले कोलेस्टेरॉल काढून इतर कणांत टाकते आणि बदल्यात ट्रायग्लिसराइड नावाचा मेद एचडीएलमध्ये भरते. हे इतर कण रक्तात फार झाले की एचडीएलमधले कोलेस्टेरॉल आपोआपच घटते. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलच्या रुग्णांतही एचडीएल थोडे कमीच आढळते. तेव्हा कमी एचडीएल हे दुखण्याचे कारण नसून दुखण्याची सावलीही असू शकेल.

इटलीतल्या गार्डा सरोवराकाठच्या लिमोने या गावाने ही शंका वाढवली. त्या गावच्या काही माणसांच्या एचडीएलमधील मुख्य प्रथिनात एक बदल आहे, हे मिलान येथील संशोधकांनी १९८० मध्ये दाखवले. या माणसांचे एचडीएल अतिशय कमी, पण त्या मानाने हृदयविकार मात्र दिसत नव्हता.

कसोटी

खूण आणि कारण यांतला फरक कळण्याचा एक मार्ग म्हणजे ती गोष्ट मुद्दाम बदलून पाहणे. सीईटीपीला अडवणारी औषधे तयार झाली आणि एचडीएल वाढवणे शक्य झाले. टॉर्सेट्रापिब हे त्यांतले पहिले मोठे औषध. पंधरा हजारांहून अधिक लोकांवर त्याची चाचणी चालू होती. एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढले, एलडीएलही उतरले. पण डिसेंबर २००६ मध्ये चाचणी अचानक थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते.

या औषधाची एक चाचणी खास आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलच्या ८५० रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. मानेतल्या रोहिणीच्या भिंतीची जाडी ध्वनिलहरींनी दोन वर्षे मोजण्यात आली. सर्व जण एलडीएल उतरवणारे नेहमीचे औषध घेतच होते. ज्यांना त्याशिवाय टॉर्सेट्रापिबही दिले, त्यांचे एचडीएल इतरांपेक्षा सुमारे निम्म्याने जास्त झाले, पण भिंत जाड होण्याची गती काही कमी झाली नाही. गल्लीत दीडपट घंटागाड्या आल्या आणि कचरा होता तिथेच राहिला.

एका औषधावरून निष्कर्ष काढणे बरोबर नव्हते, कारण टॉर्सेट्रापिब रक्तदाबही वाढवत होते. पण मग एकामागून एक औषधांची तीच गत झाली. एचडीएल वाढवणारे नायासिन २०११ आणि २०१४ च्या मोठ्या चाचण्यांत नापास झाले. दुसरे सीईटीपी-रोधक डाल्सेट्रापिब २०१२ मध्ये मागे घेण्यात आले. २०१७ मध्ये अ‍ॅनासेट्रापिब या औषधाने तीस हजार लोकांत थोडा फायदा दाखवला. हृदयाच्या घटना ९ टक्क्यांनी घटल्या. एचडीएल दुप्पट झाले होते, पण मिळालेला फायदा ‘वाईट’ कणांतले कोलेस्टेरॉल जेवढे उतरले होते तेवढ्याच हिशेबाचा होता.

दुसरा मार्ग निसर्गाचा. जन्मापासून एचडीएल थोडे जास्त ठेवणारा एक जनुकभेद काही लोकांत असतो. एचडीएल खरोखरच रक्षण करत असेल, तर या लोकांना हृदयविकाराचा झटका सुमारे १३ टक्क्यांनी कमी यायला हवा होता. २०१२ मध्ये व्हॉइट, काथिरेसन आणि सहकाऱ्यांनी प्रचंड प्रमाणावर तपासून पाहिले. काहीही फरक आढळला नाही. एलडीएल वाढवणाऱ्या जनुकभेदांनी मात्र अपेक्षेप्रमाणे धोका वाढलेला दिसला. म्युलर यांच्या वंशवृक्षाचीच ही मोठी आवृत्ती म्हणायची. त्या परीक्षेत एलडीएल दोन्ही वेळा दोषी ठरले, एचडीएलचा रक्षकपणा मात्र सिद्ध झाला नाही.

मग एचडीएल मोजायचे कशाला?

याचा अर्थ एचडीएलचा आकडा निरुपयोगी आहे असा नाही. २००४ मध्ये नेदरलँड्समधील आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलच्या २,४०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांच्याबरोबर कमी एचडीएल हीदेखील धोक्याची खूण ठरली. २०१७ मध्ये या रुग्णांचा धोका मोजण्यासाठी दोन निरनिराळी सूत्रे मांडण्यात आली. माँट्रियलच्या सूत्रात वय, लिंग, रक्तदाब आणि धूम्रपान यांच्या जोडीला एचडीएल आहे. स्पेनमधील रुग्णांना काही वर्षे पुढे पाहत राहून जे सूत्र तयार झाले, त्यात एलडीएल आहे, वजन आहे, लायपोप्रोटीन-ए नावाचा आणखी एक कण आहे, पण एचडीएल नाही. बाकीच्या गोष्टी हिशेबात धरल्यावर त्याची वेगळी गरज उरली नाही. खूण अशीच वागते. कधी उपयोगी पडते, तर तिच्यामागचे कारण हाती आले की बाजूला पडते.

आज संशोधकांचे लक्ष एचडीएलच्या आकड्यापेक्षा त्याच्या कामावर आहे. गल्लीत किती घंटागाड्या उभ्या आहेत यावरून किती कचरा उचलला गेला हे कळत नाही. २०१४ मध्ये डल्लासमधल्याच एका अभ्यासाने दाखवले की पेशींतून कोलेस्टेरॉल काढून घेण्याची एचडीएलची क्षमता मोजली, तर तिचा संबंध पुढच्या हृदयविकाराशी लागतो. शिवाय ‘चांगले’ जितके जास्त तितके बरे, हेही खरे नाही. २०१७ मध्ये डेन्मार्कमधील पाहणीत अतिशय जास्त एचडीएल असलेल्यांतही मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले.

तेव्हा निष्कर्ष असा : आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलमध्ये एचडीएल कमी असेल तर ती जास्त सावध होण्याची सूचना आहे. एचडीएल भरपूर असेल तर ते चिलखत मात्र नव्हे.

एक हिशेब

हे आकड्यांत पाहू. अहवालावर एलडीएलला एचडीएलने भागून आलेले गुणोत्तर पुष्कळदा छापलेले असते. समजा, एका तरुणाचे एलडीएल २४० आणि एचडीएल ६२ आहे. दुसऱ्याचे एलडीएल १२० आणि एचडीएल ३१. (एकक : दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात मिलिग्रॅम.) गुणोत्तर दोघांचेही ३.९ च्या आसपास! त्या एका आकड्यावर विसंबणाऱ्याला दोघे सारखेच वाटतील. पण रोहिणीच्या भिंतीवर रोज येणारा एलडीएलचा भार पहिल्याच्या बाबतीत दुप्पट आहे. विकार आनुवंशिक असेल, तर हा भार जन्मापासूनचा आहे. वर्षांनी गुणून पाहा : २४० गुणिले ३० म्हणजे ७,२००, आणि १२० गुणिले ६० म्हणजेही ७,२००. ढोबळपणे सांगायचे तर पहिल्याच्या रोहिण्या तिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या साठाव्या वर्षाएवढा भार सोसून बसलेल्या असतात. उपचार झाले नाहीत, तर एक प्रत सदोष असलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत आणि स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांना साठीपर्यंत हृदयविकार होतो, तो यामुळेच.

सुदैवाने भार कमी करता येतो. जपानमधील अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासून १९७३ मध्ये एका बुरशीत डल्लासच्या त्याच विकराला थांबवणारे द्रव्य शोधले. १९७८ मध्ये ओसाका येथे अकिरा यामामोटो यांनी ते पहिल्यांदा दिले ते आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलच्याच रुग्णाला. आजची स्टॅटिन औषधे या द्रव्याची वंशज आहेत. पेशीला घरी कोलेस्टेरॉल बनवता आले नाही की ती बाहेरचे एलडीएल पकडण्यासाठी जास्त ग्राही तयार करते, हे त्यामागचे तत्त्व.

२०१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमहून आलेला निष्कर्ष प्रत्येक शिक्षकाने ऐकण्यासारखा आहे. हा विकार असलेल्या २१४ मुलामुलींना शाळकरी वयातच स्टॅटिन सुरू केले होते. वीस वर्षांनी पाहिले, तर वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी फक्त १ टक्क्याला हृदयविकाराची घटना घडली होती. त्यांना हा विकार ज्यांच्याकडून मिळाला त्या आईवडिलांमध्ये याच वयापर्यंतचे प्रमाण २६ टक्के होते. जनुक तेच होते, फक्त निदान लवकर झाले.

वर्गात

हा विकार दुर्मीळ नाही. पूर्वी पाचशेंत एक असा अंदाज होता. आता जगभरच्या पाहण्यांवरून साधारण तीनशेंत एक असे धरतात. म्हणजे नऊशे मुलांच्या शाळेत सरासरीने तीन मुले. त्यांना काहीही होत नसते. ती खेळतात, धावतात, बारीक असतात. रक्त तपासल्याशिवाय विकार कळत नाही.

आपल्या देशात एचडीएलवर विसंबणे आणखी एका कारणाने चुकीचे आहे. महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील एका मोठ्या पाहणीचे मेदविषयक निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ७२ टक्के प्रौढांचे एचडीएल कमी निघाले, तर एलडीएल जास्त असणारे सुमारे १२ टक्केच होते. जी खूण चारांतल्या तिघांकडे आहे, तिच्यावरून आनुवंशिक विकाराचा माणूस वेगळा काढता येणार नाही. त्याला शोधायचे ते एलडीएलच्या आकड्यावरून आणि घराण्याच्या इतिहासावरून. प्रौढाचे एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा घरात कोणाला पुरुष असून पंचावन्नच्या आत, स्त्री असून साठीच्या आत झटका आला असेल, तर सगळ्या भावंडांचे आणि मुलांचेही रक्त एकदा तपासून डॉक्टरांना दाखवायला हवे. एक रुग्ण सापडला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि अपत्यात शक्यता निम्मी, हे मेंडेलचे गणित इथे थेट कामाला येते.

आनुवंशिकतेचा धडा शिकवताना वाटाण्याच्या वेलीनंतर म्युलर यांच्यासारखा एक काल्पनिक वंशवृक्ष फळ्यावर काढावा. तीन पिढ्या, बारा माणसे, त्यांतली चौघे-पाच जण काळ्या रंगात. प्रत्येकाखाली एलडीएल आणि एचडीएल यांचे आकडे लिहावेत आणि काळ्या रंगातल्या एकाचे एचडीएल मुद्दाम ७० ठेवावे. मग मुलांना विचारावे : यांतल्या कोणाकोणाला डॉक्टरांकडे पाठवाल? ७० वाल्याला वगळणारी मुले बरीच निघतील. तिथून पुढचा तास आपोआप रंगेल.